साडेबारा मिलिमीटरचा सबनीस

रघुनाथ सबनीससमोर कुणी 'सव्वा सेंटीमीटर' म्हटलेलं त्याला खपत नसे. "साडेबारा मिलिमीटर म्हण," तो लगेच दुरुस्त करायचा. "अरे बाबा, एकच ना ते!" म्हटलं की चष्मा कपाळावर चढवून आपल्याकडे असा बघायचा, जणू आपण त्याच्या ताटात पाय दिलाय. "एकच नाही, पेठे. सेंटीमीटर म्हणणारा माणूस हात सैल सोडून मोजतो. मिलिमीटर म्हणणारा श्वास रोखून मोजतो."

मी पडलो चित्रकलेचा मास्तर. माझा सगळा कारभार अंदाजपंचे. पोरांना कपबशी काढायला सांगायची आणि बशी जराशी कलली तरी 'छान' म्हणून पुढे जायचं. डोंबिवलीच्या आमच्या शाळेत हा विज्ञान शिकवायचा. राहायलाही आम्ही एकाच चाळीत, दोघांच्या खोल्यांत मधे एक भिंत. त्यामुळे शाळेत सबनीस, घरी सबनीस. माझी बायको म्हणायची, तुमचं लग्न माझ्याशी झालंय की त्यांच्याशी ते एकदा ठरवा.

त्याला एक विचित्र खोड होती. कुठलीही पोकळ वस्तू दिसली की एक डोळा मिटून तो तिच्यातून आरपार बघायचा. नळाचा तुकडा असो, बांबू असो, मी गुंडाळून आणलेला ड्रॉइंगचा कागद असो. एकदा चाळीतल्या लग्नात पंगत बसायच्या आधी सनईवाला पाणी प्यायला उठला, तर या गृहस्थानं त्याची सनई उचलली, डोळ्याला लावली आणि वऱ्हाडी मंडळींसमोर जाहीर केलं, "आतून खडबडीत आहे हो, सूर कसा लागणार?" सनईवाला मारायला धावला होता. मुलीच्या बापाची समजूत काढताना माझ्या नाकी नऊ आले.

दुसरी खोड खोड नव्हती, तो त्याचा धर्मच होता. आकडा दिसेल तोच लिहायचा. मॅट्रिकच्या वर्गाला त्यानं लंबकाचा प्रयोग दिला. सगळ्या वर्गानं पुस्तकातलं बरोबर उत्तर आणलं, एका ढ मुलानं भलताच आकडा आणला. सबनीसनं त्या एकट्याला पैकीच्या पैकी दिले आणि बाकी सगळ्यांना शून्य. पालक चिडले. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. "अहो सबनीस, बरोबर उत्तराला शून्य?"

"ते उत्तर पुस्तकाचं आहे, साहेब. आपल्या शाळेतला दोरा ओला होता. लंबक तसा झुललाच नाही. या एका पोरानं जे दिसलं ते लिहिलंय."

हेडमास्तरांनी समोर हात जोडले. गुण मात्र बदलले नाहीत.

लढाईच्या काळात हा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रडार मेकॅनिक होता. रडार म्हणजे काय ते त्यानं मला शंभरदा समजावलं, म्हणून मी तुम्हाला सांगू शकतो. डोळ्यांना न दिसणारी लाट आकाशात फेकायची. ती विमानावर आपटून परत आली की विमान कुठं आहे ते कळतं. लाट फेकणारा आणि पकडणारा अवयव म्हणजे अँटेना. ती मोठ्या परातीएवढी असायची आणि चहूकडे बघायला मिळावं म्हणून विजेच्या मोटरवर गरगर फिरायची. एके सकाळी तिच्या गिअरमधे माती गेली. परात एका दिशेला तोंड करून अडकली आणि विमानं दुसऱ्या दिशेनं आली. त्याच्या तुकडीतले अकरा जण गेले. हा गिअर सोडवायला खाली खड्ड्यात उतरला होता म्हणून वाचला.

"अँटेना फिरायलाच नको होती, पेठे," तो म्हणायचा. "नुसता झोत फिरायला हवा होता."

हेच त्याचं वेड. अँटेना जागची हलायची नाही आणि तिच्यातून निघणारा झोत मात्र इकडून तिकडे फिरायचा. मला पटेना तेव्हा त्यानं आपल्या बायकोचं, इंदूवहिनींचं उदाहरण दिलं. "ही चुलीपाशी बसून भाकरी थापते. मान वळवत नाही. पण मी फडताळातल्या डब्याला हात लावला की तिला दिसतं की नाही? नुसते डोळे फिरतात. तसं." वहिनी आतून म्हणाल्या, "डब्यातले लाडू संपलेत, उगाच शास्त्र सांगू नका."

आणि लाट जितकी आखूड तितकी अँटेना लहान आणि झोत बारीक, म्हणून लाट साडेबारा मिलिमीटरची. परातीच्या जागी हातभर लांबीची पितळी चौकोनी नळी. तिच्या अंगावर एका ओळीत चव्वेचाळीस खाचा, प्रत्येक खाच जेमतेम एक मिलिमीटर रुंद. प्रत्येक खाचेतून थोडी थोडी लाट बाहेर पडते आणि सगळ्या मिळून झोत होतो. नळीची एक भिंत आत-बाहेर सरकती. हँडल फिरवलं की भिंत ज्वारीच्या दाण्याएवढी सरकायची, आत लाटेची चाल बदलायची, आणि बाहेर झोत वळायचा. ऐकायला सोपं आहे. करायला त्याची सहा वर्षं गेली.

लढाई संपल्यावर लष्कराचं सामान कल्याणच्या बाजूला ढिगानं पडलेलं. विठ्ठलवाडीला बराकीत राहायला आलेल्या एका सिंधी भंगारवाल्याकडून लाट तयार करणाऱ्या काचेच्या-धातूच्या नळ्या त्यानं एकेक शोधून काढल्या. तो दुकानदार याला लांबून बघूनच ओरडायचा, "आओ मास्टरजी, आज कौनसे पाइप में झाँकोगे?" खाचा कापायला कुठलाच कारखाना तयार होईना. शेवटी ठाण्याला कोपरीत एक म्हातारा घड्याळजी भेटला. डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या चाकांच्या कानशीनं, त्यानं चव्वेचाळीस खाचा कापल्या. अठ्ठावीस नंबरची खाच केसभर तिरकी गेली तेव्हा सबनीसनं ती नळी बाद केली. म्हातारा रडकुंडीला आला. मग दोघांनी मिळून पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

ती चालली तो दिवस मी पाहिलाय. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढं त्याला महत्त्व आहे. ती चालली, आणि चालताना पाहणारा मी एकटाच.

रविवारची दुपार होती. शाळेचा हॉल मोकळा. एका टोकाला टेबलावर ती नळी, पक्की आवळलेली. दुसऱ्या टोकाला मी, हातात लाट पकडायचा पत्र्याचा छोटा कर्णा आणि त्याला जोडलेला काटा. मी पहिल्या खिडकीपाशी उभा राहिलो. सबनीस हँडल फिरवू लागला. काटा उठला, टोकाला गेला आणि पडला. "पुढच्या खिडकीला!" तो तिथून ओरडला. पुढच्या खिडकीला गेलो. त्यानं हँडल आणखी फिरवलं. पुन्हा काटा उठला. असं करत पाचही खिडक्या झाल्या. नळी जागची तसूभर हलली नव्हती. सबनीस बाकावर जाऊन बसला. मग म्हणाला, "पेठे, परत एकदा." असं आम्ही बारा वेळा केलं. बाराव्या वेळी तो रडत होता आणि हँडल फिरवत होता.

दिल्लीकडच्या एका सरकारी खात्याशी त्याचा पत्रव्यवहार चालू होता. दोन वर्षं अर्ज, नकाशे, खुलासे. नकाशे मीच काढून द्यायचो. अखेर पत्र आलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तीन अधिकारी पुण्याला जाता जाता डोंबिवलीला उतरतील, प्रात्यक्षिक पाहतील, आणि पटलं तर सबनीसला त्याच्या नळीसकट प्रयोगशाळेत घेतील. नाही तर फाइल बंद. पत्रात ते असंच लिहिलेलं, अगदी स्वच्छ.

दसऱ्याला हा सकाळीच कोपरीला गेला. सरकत्या भिंतीचा एक स्क्रू घड्याळजीकडे राहिलेला. घरात इंदूवहिनींनी पूजा मांडली. दसऱ्याला आपल्याकडे ज्याचं जे हत्यार असेल ते पुजतात. सुतार रंधा पुजतो, शिंपी मशीन पुजतो. मीही माझे ब्रश आणि रंगाची पेटी पुजायचो. वहिनींनी विचार केला असेल, माझ्या नवऱ्याचं हत्यार कुठलं? तर ही नळी. त्यांनी ती पाटावर ठेवली. ओल्या हळदीकुंकवाची बोटं लावली. आणि एक-दोन नाही, खाच दिसली म्हणून प्रत्येक खाचेला एक. चव्वेचाळीस खाचांना चव्वेचाळीस. वर झेंडूचं फूल, आपट्याचं पान. संध्याकाळी वाटलं, उद्या दिल्लीचे साहेब येणार, त्यांच्यासमोर हे माखलेलं बरं दिसायचं नाही. म्हणून ओल्या फडक्यानं दाबून, घासून पुसलं, चिंचेनं पितळ लख्ख केलं आणि लग्नातल्या शेल्यात गुंडाळून ठेवलं. सबनीस आला तेव्हा म्हणाल्या, "आता उद्यापर्यंत उघडू नका. देवाला दाखवून ठेवलंय." तो हसला. "बरं," म्हणाला.

साहेब लोक ठरल्यापेक्षा तासभर आधीच आले. पुढची गाडी पकडायची होती. सबनीसची धांदल उडाली. एरवी जोडायच्या आधी नळी उजेडाला धरून बघणारा हा माणूस, त्यानं शेला सोडला, आणलेला स्क्रू घाईनं बसवला आणि नळी तशीच जोडली. पितळेच्या त्या चकाकीत मिलिमीटरभर रुंद खाचांत काय भरलंय ते कुणाला दिसणार?

मी कर्णा घेऊन पहिल्या खिडकीशी उभा राहिलो. हँडल फिरलं. काटा थरथरला आणि तिथंच पडून राहिला. दुसरी खिडकी, तेच. तिसरी, तेच. मी कर्णा वर केला, खाली केला, मनातल्या मनात सगळे देव आठवले. सबनीसच्या कपाळावरून घाम गळत होता. त्यानं वायर तपासल्या, स्क्रू तपासले. पाऊण तास गेला. त्यांच्यातला मुख्य होता तो मराठीच होता, सभ्य होता. त्यानं घड्याळ बघितलं आणि सबनीसच्या खांद्यावर हात ठेवला. "कागदावर सुंदर आहे हो, मास्तर. पण असली कामं घरगुती होत नाहीत. मनाला लावून घेऊ नका." वहिनींनी शिरा केलेला. त्यांनी दोन-दोन घास उभ्याउभ्याच खाल्ले आणि गेले.

वहिनी रिकाम्या बशा घेऊन घरी गेल्यावर सबनीसनं नळी सोडली आणि खिडकीपाशी जाऊन उजेडाला धरली. एक डोळा मिटला. मी बघत होतो. चव्वेचाळिसांतल्या एकाही खाचेतून उजेड येत नव्हता. त्यानं खिशातली टाचणी काढून एक खाच कोरली. टाचणीच्या टोकावर ओला लाल-पिवळा गाळ आला. त्यानं तो वास घ्यायला नाकाशी नेला. मलाही कळलं.

"अरे मग चल की!" मी ओरडलोच. "स्टेशनवरच असतील अजून! गाडीला वेळ आहे. मी धावत जातो, तू तोवर साफ कर!"

मी दारापर्यंत गेलोही. त्यानं मागून माझा सदरा असा धरला की बगलेत उसवला.

"जायचं नाही, पेठे."

"अरे, वेडा आहेस का? सहा वर्षं घातलीस!"

"त्यांना काय सांगशील? परत का बोलावलं, ते विचारतील. गावभर होईल. हिला कळेल."

"कळू दे! रागावू नकोस म्हणजे झालं!"

"मी रागावणार नाही रे." तो बाकावर बसला. "मालू कशानं गेली तुला ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक होतं. हा आघाडीवर असताना त्याची चार वर्षांची मुलगी विषमज्वरानं आजारी पडली. त्या तापात पोटात अन्न जाऊ द्यायचं नाही, अशी तेव्हा डॉक्टरांची सक्त ताकीद असायची. पोर भुकेनं रडत होती. वहिनींना बघवेना. त्यांनी चार घास मऊ भात भरवला. तिसऱ्या दिवशी पोर गेली. डॉक्टरनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "हिला खायला कुणी घातलं?" भातानं गेली की तापानं, देव जाणे. पण वहिनींनी त्यानंतर कितीतरी वर्षं स्वतःच्या हातानं कुणाच्याही लेकराला खाऊ दिला नव्हता.

"आपल्या हातून एक गेलं असं ती धरून बसलीय," सबनीस म्हणाला. "दुसरं तिच्या हातून गेलं असं मी तिला सांगू? माझ्याच्यानं नाही व्हायचं." मग टाचणी घेऊन तो एकेक खाच साफ करत बसला. मी शेजारी बसून राहिलो. लांबून गाडीची शिटी ऐकू आली तेव्हासुद्धा त्यानं मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी नळी पुन्हा चालली. पाचही खिडक्यांना. त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कुणालाच आनंद झाला नाही.

मीच मागे लागून त्याला पुन्हा अर्ज करायला लावला. महिनाभरात उत्तर आलं, आणि चांगलं आलं. आधीचं प्रात्यक्षिक कोणत्या कारणानं फसलं ते लेखी कळवा, हेडमास्तरांची सही घ्या, पटल्यास पुन्हा येऊ. मी तर उडीच मारली. "लिही की, वायर सैल होती म्हणून! लिही, दमट हवा होती! कोण बघायला आलंय?"

तो कागद पुढ्यात घेऊन तीन संध्याकाळी बसला. वायर सैल नव्हती, म्हणून ते लिहिता येईना. खरं लिहावं तर हेडमास्तर वाचणार, शाळा वाचणार, चाळ वाचणार. चौथ्या दिवशी त्यानं दौतीला झाकण लावलं. मी त्याला वाटेल ते बोललो. भित्रा म्हणालो, हेकट म्हणालो. चार महिने आम्ही बोलत नव्हतो, मधे एक भिंत असून. आज त्याची लाज वाटते.

एका सुट्टीच्या दिवशी तो माझ्या दारात आला. "चल, विठ्ठलवाडीला जाऊन येऊ." हातात शेल्यात गुंडाळलेली नळी. मी चपला चढवल्या आणि निघालो. भंगारवाल्यानं ती उलटसुलट केली. "मास्टरजी, इसमें तो छेद ही छेद हैं. किस काम की?" "किसी काम की नहीं," सबनीस म्हणाला. परतताना ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसची चिमणी दिसू लागली. तेव्हा तो शेला घडी करून पिशवीत ठेवत म्हणाला, "हिनं विचारलं तर सांग, चालत नव्हती म्हणून विकली."

वहिनींनी विचारलं नाही. त्या शेजारणींना सांगायच्या, "ह्यांचं नळीचं खूळ गेलं एकदाचं. न चालणाऱ्या वस्तूपायी डोळे फुटायची वेळ आलेली." सबनीस बाजूला वर्तमानपत्र वाचत असायचा. "हो ना," म्हणायचा. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. वाटायचं, जाऊन ओरडून सांगावं. पण त्यानं सदरा धरला होता तो जणू अजून सुटलेला नव्हता.

चार वर्षांनी त्यानं अंथरूण धरलं. पोटात गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी उघडून बघितलं आणि तसंच शिवून परत पाठवलं. रोज शाळा सुटली की मी त्याच्याकडे जाऊन बसायचो. तो बोलेनासा झालेला, नुसता बघायचा. वहिनींनी शुश्रूषेत काही कमी ठेवलं नाही. दिवस दिवस त्या पाठ टेकत नसत.

एका दुपारी वहिनींचा भाचा येऊन गेला होता. तो इंजिनिअरिंग शिकत होता. गप्पांत त्याला कुणीतरी नळीबद्दल विचारलेलं आणि तो सहज म्हणाला होता, एवढ्या आखूड लाटेच्या यंत्रात जरा ओल किंवा घाण गेली तरी खेळ खलास. मी गेलो तेव्हा वहिनी उभ्याच होत्या. मी बसायच्या आत त्यांनी विचारलं.

"पेठेभावोजी, मी त्या दसऱ्याला नळीला हळदकुंकू लावलं होतं. एकेका खाचेला लावलं होतं. मग ओल्या फडक्यानं पुसलं." त्या एक पाऊल पुढे आल्या. "त्यानं बिघडली का हो? तुम्ही आधी पाहिली होतीत ना? मला खरं सांगा. माझी शपथ आहे तुम्हाला. चालायची का ती?"

मी सबनीसकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. कधी नव्हे ते त्याच्या डोळ्यांत विनवणी होती.

आता वाटतं, जगात ती नळी चालली होती हे सांगणारा मी एकटा उरणार होतो. मी नाही म्हटलं की संपलं सगळं. सहा वर्षं, तो घड्याळजी, त्या पाच खिडक्या, सगळं.

"छे हो वहिनी," मी म्हणालो. "कसलं हळदकुंकू घेऊन बसलात! ती कधी चाललीच नव्हती. मी पहिल्यापासून बघत होतो ना. एकदासुद्धा नाही."

वहिनी मटकन खाली बसल्या. कितीतरी दिवसांचा श्वास सुटावा तसा त्यांचा श्वास सुटला. पदर तोंडाला लावून त्या रडू लागल्या. मग वर बघून नवऱ्याला म्हणाल्या, "भावोजी म्हणतात ते खरं ना हो?"

आठवडाभर तोंडातून शब्द न काढलेल्या सबनीसनं कोपरावर उठायचा प्रयत्न केला. मी आधार दिला. त्याच्या अंगात नुसती हाडं उरली होती. त्यानं श्वास गोळा केला आणि एकेक शब्द नीट, स्पष्ट उच्चारला.

"खरं आहे. काटा कधी हललाच नाही."